ओशिवरा, तुझ्या दारापर्यंत

बोरिवली
७ ऑक्टोबर २०२५, कोजागरीचा दुसरा दिवस

प्रिय सगुणाबाय,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच माशांच्या पाटीखाली सरकवशील, हे मी जाणून आहे. म्हणून ते तुझ्या नातीच्या, निशाच्या, नावाने टाकलं आहे. निशा, बाळा, आजी कोळंबी सोलायला बसली की तिच्यासमोर बस आणि मोठ्याने वाच. हात गुंतलेले असले की तिला उठून जाता येत नाही. मधलं काही गाळू नकोस. माझ्या बाजूचंही नको, तिच्या बाजूचंही नको.

बाय, या भाऊबीजेला मी तुझ्याकडे येतो आहे.

घाबरू नकोस, तुझी अट मोडून येणार नाही. वर्सोव्याच्या बंदरावर, अख्ख्या कोळीवाड्यासमोर तू म्हणाली होतीस, "तुझी ती नदी माझ्या दारात येईल ना रामा, त्या दिवशी तू ये. तोवर तोंड दाखवू नको." लोक हसले. त्यांना वाटलं, बाईने भावाला कायमचं तोडलं. मला मात्र ती अट वाटली, आणि अट म्हटली की ती पुरी करता येते. गेली सात-आठ वर्षं मी तिच्यावर विचार करतो आहे. तू म्हणशील, एवढा वेळ? तर बाय, लहानपणी कविता पाठ व्हायलाही मला तुझ्या दुप्पट वेळ लागायचा. पण एकदा पाठ झाली की विसरत नसे.

भांडण काय होतं, हे निशाला धड कोणी सांगितलं नसेल. निशा, तुझ्या बाबाने, प्रितमने, नवी होडी बांधली. तुझी आजी मला म्हणाली, "तू कवितावाला. होडीला नाव तूच दे, झकास." मी दिलं: ओशिवरा, आम्ही दोघं जिच्या काठी वाढलो त्या नदीचं. ज्या दिवशी होडी पाण्यात सोडायची त्या दिवशी पेंटरने ते नाव निळ्या रंगात असं काही काढलं होतं की माझा ऊर भरून आला. तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "काय मामा, गटाराचं नाव? मग गटारीलाच सोडायची होती ना पाण्यात!" सगळं बंदर खो-खो हसलं. तुझ्या आजीचं तोंड लाल झालं. तिने कोयता घेतला आणि सगळ्यांदेखत ते नाव खरवडून काढलं.

बाय, नाव बरोबर होतं असं मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो.

पण निशा फोनवर मला म्हणाली, दर भाऊबीजेला तू तबक घेऊन मागच्या ओट्यावर जातेस आणि चंद्राला ओवाळतेस. जिला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळायचं, ही रीत आईनेच आपल्याला सांगितली होती. बाय, मी जिवंत आहे. गुडघा सोडला तर सगळा शाबूत आहे. तुझ्या तबकासमोरची ती जागा माझी आहे आणि ती मी यंदा परत घेणार.

तर ऐक. ओशिवरा आरेच्या टेकड्यांत उगम पावते, मालाडच्या खाडीला मिळते आणि त्या खाडीच्या तोंडाशी तुझं घर आहे. मी तिच्या काठाने चालत येणार. एका दमात जमणार नाही. जमेल तेवढं चालेन, थांबेन तिथे खडूने खूण करेन, बसने घरी येईन आणि पुढल्या खेपेला त्याच खुणेपासून निघेन. चोरी नाही.

सुबोध म्हणतो, "बाबा, लोक नर्मदेची परिक्रमा करतात. तुम्ही नाल्याची करताय?" मी शाळेचा कंपास असतो ना, तशा डबीत चार खडू भरून ठेवले.

तुझा,
रामा


आरे कॉलनी
१० ऑक्टोबर

प्रिय बाय,

हे पत्र गुडघ्यावर वही ठेवून लिहितो आहे. आपल्या जुन्या क्वार्टर्सच्या मागची ती सपाट काळी शिळा आठवते? जिच्यावर आई चादरी आपटायची? तिच्यावरच बसलो आहे. शिळा तीच आहे, मी मात्र तिच्यावर चढताना दोनदा घसरलो. शेजारच्या पाड्यावरची प्रेमा म्हणून एक बाई लाकडं घेऊन चालली होती, तिने हात दिला. म्हणाली, "आजोबा, संध्याकाळचे थांबू नका, बिबट्या येतो." मी म्हटलं, आमच्या वेळेलाही यायचा. ती म्हणाली, "तेव्हा तुम्ही पळत असाल."

आता खरं सांगतो, पाणी अजून स्वच्छ आहे. इथे, उगमाशी, खडकाखालून असं निघतं की कोणी गुपित सांगत असावं. मी ओंजळभर प्यालो. सुनेला, अक्षताला, हे कळता कामा नये. तिने मला मास्क, सॅनिटायझर आणि ग्लुकोजची बिस्किटं दिली आहेत. मास्क खिशात आहे.

वडील कोकणातल्या गावाहून म्हशींच्या कामाला आले आणि आपण दोघं या गोठ्यांच्या वासात वाढलो. घरात सगळे याला व्हाळ म्हणत, म्हणजे नुसता ओढा. "व्हाळावर जाऊ नको रे, शेवाळ आसा." दुधाच्या बादल्या आपण याच पाण्यात धुवायचो, पाणी पांढरं व्हायचं आणि तू म्हणायचीस, "बघ, दूध वाया नाय गेला, समुद्राक गेला."

तुला एक आठवण करून द्यायची आहे. मुद्दाम इथे येईपर्यंत राखून ठेवली होती. आपल्या बाईंनी वर्गात नदीची कविता शिकवली, चालीवर, हात हलवून. मग प्रत्येकाला विचारलं, तुमच्या गावची नदी कोणती? कोणी सावित्री म्हणालं, कोणी वाशिष्ठी. मी गप्प बसलो, कारण आपण आरेतले, आपल्याला कुठली नदी. आणि मागच्या बाकावरून तू उभी राहिलीस. दोन वेण्या, नाकाला घाम. म्हणालीस, "बाई, आमच्या घरामागे नदी आहे." पोरं हसली, व्हाळ म्हणाली, शेणाचा ओहोळ म्हणाली. तू मागे हटली नाहीस. वर स्वतः जुळवलेल्या दोन ओळी म्हणून दाखवल्यास:

डोंगर सोडून निघाली बाय,
मागे वळून बघते काय?

बाईंनी तुला जवळ बोलावून तुझ्या डोक्यावरून हात फिरवला. पुढे मी पुष्कळ कविता वाचल्या. चांगल्या कवितेने अंगावर काटा येतो म्हणतात, तो मला पहिल्यांदा त्या वर्गात आला.

म्हणजे बघ, याला नदी पहिल्यांदा तू म्हणालीस. मी फक्त होडीवर लिहिलं.

शिळेवर खडूने पहिली खूण केली. निशा, आता पाणी पी आणि पुढे बघ, आजीने कोळंबी सोलायची थांबवली आहे का?

रामा


गोरेगाव, हायवेच्या पुलाशी
१४ ऑक्टोबर

प्रिय बाय,

निशाचा मेसेज आला: "आजी ऐकत होती पण तिने सांगायला सांगितलंय की ती ऐकत नव्हती."

बरं. मग न ऐकता हेही ऐक.

रिटायर झाल्यावर डेअरीतल्या मित्रांबरोबर मी एका मोठ्या तीर्थाच्या गावी गेलो होतो. तिथे सगळं गाव नदीकडे तोंड करून बसलेलं. देवळं, दुकानं, हजामतीच्या खुर्च्या, भिकारी, सगळ्यांची तोंडं पाण्याकडे. मी पायरीवर बसून मनात म्हणायचो, आपल्या नशिबी असं शहर नाही.

आता प्रवासी म्हणून लिहितो. आपलं शहरही नदीकाठचंच आहे. फक्त ते नदीकडे पाठ करून बसलं आहे. आज दिवसभर मी ती पाठ पाहिली. इमारतींच्या पुढच्या बाजूला गॅलऱ्या, कुंड्या, दिवाळीचे कंदील. नदीच्या बाजूला बाथरूमच्या काचा, ड्रेनेजचे पाइप आणि एसीची खोकी. नदी दोन सिमेंटच्या भिंतींमधून अशी जाते, जशी लग्नघरात कोणी विचारत नाही ती विधवा आत्या भिंतीला धरून जाते. पाण्याचा रंग सांगत नाही. वास तर नकोच.

पानवाल्याला विचारलं, "या नदीच्या कडेने पुढे वाट आहे का?"

तो म्हणाला, "नदी? कोणती नदी काका?"

मी बोट दाखवलं.

"तो तर नाला आहे ना. तुमचं काय पडलं का त्यात? मोबाइल?"

रिक्षावाल्याला विचारलं, त्यानेही नालाच म्हटलं. शाळेतून येणाऱ्या पोरींना विचारलं, त्या एकमेकींकडे बघून हसल्या आणि पळाल्या. पुलाच्या कठड्याला टेकून मी खाली बघत राहिलो. एक थर्माकोलचं गणपतीचं मखर अडकलं होतं, त्यावर बगळा उभा होता.

बाय, तिथे माझं मन खचलं. तू कोयता चालवलास तेव्हा तुझ्यासमोर हे होतं. माझ्या डोळ्यांसमोर शिळा होती. ज्या पाण्यात तुझ्या लेकाने जाळं टाकायचं, त्यात हे सगळं जाऊन पडतं. ते नाव लोकांसमोर वाचताना तुला कसं झालं असेल, ते आज नाकाने कळलं.

पण एक सांगू? माणूस म्हातारा झाला, अंगाला वास यायला लागला, म्हणून त्याचं नाव कोणी बदलत नाही. वडिलांना शेवटच्या दिवसांत तूच पुसायचीस. तेव्हा त्यांना काय दुसऱ्या नावाने हाक मारलीस?

कठड्यावर खूण केली. पुलाखालून नदीबरोबर जाता येत नाही, म्हणून मी वरून रस्ता ओलांडला. एवढी चोरी धरू नकोस.

रामा


बोरिवली
१७ ऑक्टोबर, वसुबारस

प्रिय बाय,

काल राम मंदिर स्टेशनच्या पुढे भिंतीवरून वाकून बघताना पाय मुरगळला. ज्याचा गुडघा दुखतो, तोच. घरी मोठं महाभारत झालं. सुबोध म्हणाला, "बस्स झालं. भाऊबीजेला मी तुम्हाला गाडीने थेट आत्याच्या दारात सोडतो. तिने दार लावलं तर मी बोलतो तिच्याशी." अक्षता म्हणाली, "बाबा, आत्याला फोन लावू का? मी रडून दाखवते."

चांगली पोरं आहेत. मी म्हटलं, गाडीने गेलो तर आत्या दार उघडेलही. म्हातारी झाली आहे, दया येईल. पण मला दयेवर ओवाळून घ्यायचं नाही.

"मग कशावर?" सुबोधने विचारलं.

"हक्कावर."

मघाशी औषधाच्या दुकानातून येताना त्याने गुडघ्याचा पट्टा आणला आणि माझ्या चपलांच्या जागी त्याचे जुने स्पोर्ट शूज ठेवले. एक नंबर मोठे आहेत, पुढे कापूस घातला आहे.

आज वसुबारस. आई पुरणाचा घास घेऊन आपल्या गोठ्यातल्या त्या एकमेव गाईकडे जायची, आणि म्हशी माना वर करून बघत राहायच्या. तू आईला विचारायचीस, "म्हशींनी काय पाप केलानी?" आणि आईचा डोळा चुकवून त्यांनाही घास द्यायचीस. ज्याला कोणी पूजत नाही त्याची बाजू घ्यायची सवय तुझीच. मला ती तुझ्याकडून लागली.

सकाळी निशाला फोनवर पायाचं सांगितलं. तिचा मेसेज: "आजी विचारते कुठला पाय? मी विचारलं कशाला, तर म्हणाली सहज."

डावा. सहज कळवतो.

रामा


लिंक रोडच्या पलीकडे, खारफुटीच्या कडेला
२० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी

प्रिय बाय,

पहाटे अभ्यंग झालं, कारीट फोडलं, फराळ केला आणि निघालो. आजची वाट नदीच्या शेवटाची.

वाटेत एके ठिकाणी भिंत तुटलेली आहे आणि पाण्यापर्यंत तीन पायऱ्या आहेत. कोणी बांधल्या कोण जाणे. एक बिहारी बाई खराट्याने त्या पायऱ्या घासत होती. पदर खोचलेला, बाजूला चुन्याचा डबा. म्हणाली, छठपूजा जवळ आली. मी तिला माझ्या मोडक्या हिंदीत म्हटलं, "बहनजी, यहाँ? इतना गंदा पानी?"

ती हात न थांबवता म्हणाली, "पानी है, सूरज है. बाकी हम साफ कर रहे हैं ना."

आरेपासून इथवर ओशिवरेकडे तोंड करून बसलेलं पहिलं माणूस मला भेटलं. मी तिच्याजवळच्या कठड्यावर खूण केली. तिने विचारलं हे काय. मी म्हटलं, बहन के घर जा रहा हूँ. तिने एक शब्द जास्त न विचारता मान हलवली, जसं काही सगळेच असे जातात.

पुढे लिंक रोड ओलांडला. मग इमारती मागे पडल्या आणि बाय, आकाश दिसलं. खारफुटी, चिखल, खेकड्यांची बिळं आणि वारा. वाऱ्याला खारट वास. माझा जमिनीवरचा प्रवास इथे संपतो. पुढे पाय ठेवायला जागा नाही. नदी रुंद होते आणि ती कुठे संपली, खाडी कुठे सुरू झाली, ते कळत नाही.

पुढचा बेत असा: भाऊबीजेला संध्याकाळी इथून एखादी छोटी होडी ठरवायची आणि चंद्र दिसायच्या वेळेला तुझ्या ओट्याखाली पोचायचं. वेळ नीट जुळवून ठेवली आहे.

(तोच दिवस, घरी परतल्यावर)

वरचं निशाला फोनवर वाचून दाखवलं होतं. आत्ता तिचा मेसेज आला. जसाच्या तसा उतरवतो:

"आजोबा, आजी भडकली आहे. म्हणाली, बीजेच्या संध्याकाळी ओहोटी असते हे त्या शहाण्याला माहीत नाही का? तिथे कमरेएवढा चिखल असतो, होडी रुतली की रात्रभर डास मारत बसायचं. अवसेला भरती दुपारी बाराच्या सुमाराला, मग दर दिवशी थोडी पुढे सरकते, हे कोळीवाड्यातलं शेंबडं पोर सांगेल. म्हणाली, दुधातल्या माणसाला भरती काय कळणार. म्हणाली, बीजेला दुपारीच काय ते पाणी. आणि म्हणाली, हे मी सांगितलं असं त्याला सांगू नको."

बाय, तू काही सांगितलं नाहीस. मला काही कळलं नाही. फक्त बेत बदलला आहे: दुपारी.

रामा


वर्सोवा, तुझ्याच ओट्यावरून
२४ ऑक्टोबर

प्रिय बाय,

तू पाटी घेऊन बाजारात गेली आहेस. निशा मैत्रिणीकडे. मी ओट्यावर पाय पसरून बसलो आहे, पायाला तू लावलेला हळदीचा लेप आहे, आणि घरात बोलायला कोणी नाही. तेव्हा हे शेवटचं पत्र. तुझ्या बाजूचं तुला माहीत आहे. माझ्या बाजूचं सांगतो.

काल दुपारी मी खारफुटीच्या कडेला उभा होतो. पिशवीत तुझ्या ओवाळणीचं लुगडं आणि खडूंची डबी. सुबोध सोबत आला होता, तो सारखा म्हणत होता, "बाबा, इथे होडी मिळणार कुठून? ओला-उबर आहे का ही?" आणि पाणी चढत होतं. बाय, मी जन्मभर नदी समुद्राकडे जाते असंच समजत होतो. काल बघितलं, समुद्र नदीकडे येतो. काळं पाणी मागे मागे ढकललं गेलं, हिरवं आत शिरलं, चिखल बुडला, आणि थोडा वेळ, फार थोडा, तिथे खरोखरची नदी होती.

तेवढ्यात फटफट आवाज आला. प्रितम, छोटी होडी घेऊन.

"मामा! तुम्ही इथे?" जसा काही त्याला धक्काच बसला. आईसारखाच, खोटं बोलता येत नाही.

मी म्हटलं, "तू इथे कसा रे?"

"आईने जाळं बघायला पाठवलंय. म्हणाली, मामाला आणायला जायचं नाही हां, फक्त जाळं बघून ये."

"मग जाळं कुठंय?"

"तेच बघतोय," तो म्हणाला आणि हात पुढे केला.

ओहोटी लागल्यावर सुबोधला काठावरच निरोप देऊन आम्ही मामा-भाचे पाण्याबरोबर रमतगमत खाली आलो, पोचेतो सूर्य बुडाला. बंदरात तुमची मोठी होडी नांगरलेली होती. मी नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाशी, बघितलं. माझा समज होता, तू दुसरं नाव घातलं असशील, एखाद्या देवीचं. तिथे काहीच नव्हतं. कोयत्याचे ओरखडे तसेच, आणि खाली नुसता नंबर. प्रितम म्हणाला, "आई दुसरं नाव लिहूच देत नाही. सगळे बिननावाची म्हणतात." तुझ्याशी यावर बोलणार नाही. तुझं तू बघ.

तू ओट्यावर तबक घेऊन उभी होतीस. अंगावर हिरवं पातळ, केस सगळे पांढरे. मला कोणी सांगितलं नव्हतं की सगळे पांढरे झाले. आभाळात बीजेची कोर, नखाएवढी. मी पायऱ्यांच्या तळाशी येऊन थांबलो. पाणी उतरलं होतं, सगळ्यात खालची पायरी तेवढी ओली होती. अख्खी आळी दारात आली होती. तूही बघत होतीस, पण तू आधी वर बघितलंस आणि चंद्राला ओवाळलंस.

निशा ओरडली, "आजी! आजोबा आलेत ना!"

तू म्हणालीस, "बघितलं. पण तो दरवर्षी वेळेवर येतो. त्याला एकदम कसं सोडायचं?"

मग निरांजन पुन्हा सारखं केलंस, आणि मला म्हणालीस, "इलंस?"

बाय, लग्न होऊन इथे आल्यापासून पन्नास वर्षं तू कोळीवाड्याची भाषा बोलतेस. आईची बोली तुझ्या तोंडून आता येणार नाही, असं मी धरून चाललो होतो. मी म्हटलं, "इलंय."

"आणि नदी? ती खंय आसा?"

मी ओल्या पायरीकडे बोट दाखवलं. आरेची शिळा, हायवेचा पूल, बिहारी बाईच्या पायऱ्या, सगळं एका दमात सांगून टाकलं, शाळेतल्यासारखं. म्हटलं, बाय, दुपारी हेच पाणी वर गेलं होतं, आणि ती त्याच्याबरोबर खाली आली. ही तुझ्या दारातली ओल आहे ना, हिच्यात आरेचा वाटा आहे. किती ते विचारू नको.

आळीत कोणीतरी हसलं. बहुतेक तोच, बंदरावर ओरडलेला. तू त्याच्याकडे नुसतं बघितलंस, आणि तो आत गेला.

मग तू हात पुढे केलास. मला वाटलं, ओवाळणी मागतेस. मी लुगडं काढायला लागलो.

"ता नको. खडू दी."

मी डबी उघडली. शेवटचा तुकडा उरला होता. तू गुडघ्यांवर हात टेकत एकेक पायरी उतरलीस, ओल्या पायरीच्या वरच्या कोरड्या दगडावर वाकलीस, आणि एक जाड पांढरी रेघ ओढलीस.

"नदी हयसरपर्यंत," रेघेवर बोट ठेवत तू म्हणालीस. "घरात नको हां."

आणि तिथेच, त्या रेघेवर मला उभा करून, तू ओवाळलंस.

रामा